चार्जबॅक राहू द्या, पण निवाडा फुकटात नको

ऑनलाइन विक्रेत्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांत चार्जबॅकवरून, म्हणजे ग्राहकाने बँकेकडे तक्रार करून दिलेले पैसे विक्रेत्याकडून परत मिळवण्यावरून, सतत वाद पेटलेला असतो, आणि दोन्ही बाजू तो वाईट पद्धतीने लढतात. विक्रेते म्हणतात, ही कायदेशीर चोरी आहे. माल ठेवून घ्यायचा आणि बँकेला सांगून पैसेही परत मिळवायचे. ग्राहकांची बाजू घेणारे म्हणतात, बनावट दुकानांचा सुळसुळाट असताना सामान्य माणसाच्या हातात हे एकच हत्यार आहे, तेही काढून घेणार का? एकीकडे ग्राहकांच्या फोन नंबरांच्या काळ्या याद्या फिरतात, दुसरीकडे ‘चार्जबॅक टाका आणि मोकळे व्हा’ असे सल्ले फिरतात. माझं मत असं की चार्जबॅकचा हक्क राहिलाच पाहिजे. बिघाड त्या हक्कात नाही, निवाड्यात आहे. कार्ड चोरीला गेल्याची तक्रार आणि साडीचा रंग फोटोपेक्षा फिका निघाल्याची तक्रार एकाच खिडकीवर येते. त्या खिडकीवर बसलेली बँक तक्रारदाराचीच असते, आणि तिचा निकाल चुकला तरी तिच्या खिशातून एक रुपयाही जात नाही.

आधी हे सगळं चालतं कसं ते पाहू, कारण वाद घालणाऱ्या अनेकांना तेच ठाऊक नसतं. ग्राहक आपल्या कार्डाच्या बँकेकडे तक्रार करतो आणि बँक तिला एक कारण-क्रमांक लावते. व्हिसाच्या पद्धतीत १०.४ म्हणजे ‘हा व्यवहार मी केलाच नाही’, १३.१ म्हणजे ‘माल मिळालाच नाही’, १३.३ म्हणजे ‘वर्णनाप्रमाणे नाही’, १३.६ म्हणजे ‘कबूल केलेला परतावा आला नाही’. हा क्रमांक व्हिसा-मास्टरकार्डसारख्या नेटवर्कमार्गे विक्रेत्याच्या बाजूच्या बँकेकडे, तिथून पेमेंट गेटवेकडे (विक्रेत्यासाठी ऑनलाइन पैसे स्वीकारणाऱ्या कंपनीकडे) आणि शेवटी ईमेल होऊन विक्रेत्याकडे पोचतो. तोवर रक्कम पुढच्या सेटलमेंटमधून, म्हणजे विक्रेत्याच्या खात्यात जमा व्हायच्या पैशांतून, वळती झालेली किंवा रोखलेली असते. ग्राहकाला बहुतेक कारणांसाठी १२० दिवस मिळतात. विक्रेत्यालाही नेटवर्कच्या नियमात काही आठवडे असतात, पण मधली बँक आणि गेटवे आपापले दिवस कापून घेतात आणि त्याच्या हाती अनेकदा आठवडाही उरत नाही. मुदतीत उत्तर गेलं नाही, तर चार्जबॅक कबूल आहे असं धरतात. मग मधे दिवाळी असो की लग्नसराई. ग्राहकाने नेमकं काय लिहिलं आहे हे त्या ईमेलमध्ये बऱ्याचदा नसतं. क्रमांक, रक्कम आणि तारीख, एवढ्यावर बचाव उभा करायचा. उत्तर फेटाळलं गेलं तर पुढे प्री-आर्बिट्रेशन, म्हणजे लवादाआधीची फेरी, आणि मग नेटवर्कचं आर्बिट्रेशन, म्हणजे लवाद, आहे, पण तिथली फी शेकडो डॉलरमध्ये जाते. तीन हजारांच्या साडीसाठी तिथवर कोण जाणार? म्हणून व्यवहारात पहिला निकाल हाच शेवटचा निकाल.

त्या तीन हजारांचाच हिशेब मांडू. समजा, येवल्याच्या एका विक्रेत्याने स्वतःच्या संकेतस्थळावरून ३,००० रुपयांची साडी विकली. त्यात ५ टक्के जीएसटीचे १४३ रुपये. साडीची खरेदी १,९००, कुरिअर १२०, खोका आणि टेप ३०, गेटवेचं २ टक्के कमिशन आणि त्यावरचा १८ टक्के जीएसटी मिळून ७१, जाहिरातीचा वाटा २५०. खरेदीवरच्या कराची वजावट बाजूला ठेवली तर उरतात ४८६ रुपये. आता याच ऑर्डरवर चार्जबॅक आला, विक्रेता हरला आणि साडीही परत आली नाही. आलेले ३,००० गेले. झालेला खर्च आणि भरलेला कर मिळून २,५१४ रुपये अंगावर पडले. गेटवेने चार्जबॅक हाताळणीचे ५०० रुपये लावले, तर आकडा ३,०१४ होतो. म्हणजे सहा ऑर्डरींची सगळी कमाई आणि सातवीतलीही थोडी. शिवाय जीएसटी कायद्याच्या कलम ३४ मध्ये क्रेडिट नोट (आधीच्या बिलाची रक्कम आणि कर कमी करणारा कागद) काढण्याची कारणं मोजकी आहेत: माल परत आला, मालात उणीव निघाली, किंवा किंमत वा कर जास्त लावला गेला. माल ग्राहकाच्या कपाटात आणि पैसे बँकेने ओढून घेतले, हे कारण त्यात बसवताना सीए डोकं खाजवतो. बुडीत रकमेवरचा कर परत देण्याची सोय आपल्या जीएसटीत नाही.

मोठ्या मार्केटप्लेसवर विकणाऱ्याला हा त्रास थेट होत नाही, कारण पैसे मार्केटप्लेस घेतं; तिथली दुखणी वेगळी. इथे विषय आहे तो स्वतःची साइट किंवा इन्स्टाग्रामचं पान चालवणाऱ्यांचा. त्यांना टक्केवारीचंही गणित नडतं. मास्टरकार्डच्या जादा-चार्जबॅक यादीत जायला महिन्याला किमान १०० चार्जबॅक आणि दीड टक्का प्रमाण, दोन्ही लागतं. लहान विक्रेता तिथे पोचत नाही. पण गेटवे आपली मर्यादा त्याच्या खूप खाली आखू शकतो. महिन्याला ४० ऑर्डरी असणाऱ्याला दोन चार्जबॅक आले की प्रमाण ५ टक्के झालं. मग सेटलमेंट रोखून धरणं, प्रत्येक विक्रीतला काही हिस्सा काही महिने राखीव ठेवणं, शेवटी खातंच बंद करणं, हे सगळं करारात आधीच लिहिलेलं असतं.

आता दुसरी बाजू, आणि ती हलकी नाही. ग्राहक तक्रार निवारण आयोगाने तीन महिन्यांत निकाल द्यावा असं २०१९ चा कायदा सांगतो. प्रत्यक्षात तारखांचं काय होतं ते सगळे जाणतात. आठशे रुपयांच्या चपलेसाठी कुणी वकील करणार नाही. दुकानाचा फोन बंद, पत्ता खोटा, इन्स्टाग्रामचं पान रातोरात गायब, अशा वेळी बँकेच्या अ‍ॅपमधलं ते एक बटण खरोखर उपयोगी पडतं. शिवाय अनेक प्रामाणिक विक्रेतेसुद्धा ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ असं बिनदिक्कत छापतात. सदोष किंवा जाहिरातीपेक्षा वेगळा माल परत घ्यायला नकार देता येणार नाही असं २०२० चे ई-कॉमर्स नियम सांगतात. तक्रार ४८ तासांत नोंदवून घ्या आणि महिन्याभरात सोडवा असंही सांगतात. ज्याने परतीची वाट स्वतः बुजवली, त्याने ग्राहक बँकेकडे गेला म्हणून का रडावं? आणि सर्वांत मोठा मुद्दा: परताव्याची हमी नसती तर अनोळखी दुकानाला आगाऊ पैसे द्यायला लोक धजावलेच नसते. चार्जबॅकचा लाभ विक्रेत्यालाही मिळालेला आहे.

हे सगळं मान्य. पण यातून चार्जबॅक हवा एवढंच सिद्ध होतं. आजच्या रीतीने हवा, हे कुठे सिद्ध होतं?

हा हक्क आला कुठून ते पाहिलं तर फरक लगेच दिसतो. १९५८ मध्ये बँक ऑफ अमेरिकाने कॅलिफोर्नियातल्या फ्रेझ्नो शहरात सुमारे ६० हजार लोकांना न मागता क्रेडिट कार्डं टपालाने पाठवली. पुढे इतर बँकांनीही हेच केलं, कार्डं पेट्यांतून चोरीला जाऊ लागली आणि न केलेल्या खरेदीची बिलं लोकांच्या दारात आली. १९७० मध्ये अमेरिकेने न मागता कार्ड पाठवणं बंद केलं आणि गैरवापरात ग्राहकाची जबाबदारी ५० डॉलरवर थांबवली. १९७४ च्या फेअर क्रेडिट बिलिंग कायद्याने बिलातल्या चुकांना हरकत घेण्याचा हक्क दिला. न पोचलेला मालही त्यात धरला. पण मालाच्या दर्जावरून भांडण असेल तर त्याच कायद्याने वेगळी अट घातली: ग्राहकाने आधी विक्रेत्याशी प्रामाणिकपणे मिटवायचा प्रयत्न केलेला असला पाहिजे, रक्कम ५० डॉलरहून जास्त हवी आणि व्यवहार त्याच राज्यात किंवा घरापासून १०० मैलांच्या आत झालेला हवा. मैलांची अट आज हास्यास्पद वाटेल. पण चोरी वेगळी आणि दर्जाचं भांडण वेगळं, हे कायदा करणाऱ्यांना पन्नास वर्षांपूर्वी कळत होतं. ब्रिटनने त्याच १९७४ साली वेगळी वाट धरली. तिथल्या ग्राहक पतपुरवठा कायद्याच्या कलम ७५ नुसार १०० पौंडांहून जास्त आणि ३० हजार पौंडांपर्यंतच्या वस्तूसाठी क्रेडिट कार्ड देणारी बँक विक्रेत्याइतकीच जबाबदार असते. ग्राहकाला यापेक्षा मोठं संरक्षण कोणतं? आणि तरीही तिथली बँक डोळे झाकून शिक्का मारत नाही, कारण विक्रेता बुडाला तर भरपाई तिला स्वतःला करावी लागते. चार्जबॅकमध्ये मात्र ‘हो’ म्हणणं बँकेला फुकट पडतं आणि ‘नाही’ म्हटलं तर आपलं गिऱ्हाईक नाराज होतं. गल्लीतल्या क्रिकेटमध्ये बॅटच्या मालकाचा भाऊ अंपायर असला की काय होतं, तेच इथे होतं.

आपल्याकडेही याहून शहाणी रीत होती. व्हीपीपी, म्हणजे माल हातात आल्यावर पोस्टमनला पैसे. १८९८ च्या टपाल कायद्याच्या कलम ३५ मध्ये व्हीपीबद्दल नियम करण्याचे जे अधिकार दिले होते, ते आज वाचण्यासारखे आहेत. खरोखर मागणी आलेली असेल तरच व्हीपी पाठवतो आहे असं पाठवणाऱ्याकडून लिहून घेता येत होतं. फसवणूक झाली तर वसूल केलेले पैसे खात्याने रोखून धरावेत आणि ग्राहकाला परत द्यावेत अशी तरतूद होती. आणि तक्रारीच्या चौकशीसाठी फी आकारायचीही होती. पैसे रोखणं, चौकशी आणि चौकशीचं मोल या तिन्ही गोष्टी एकत्र होत्या. आजच्या चार्जबॅकने त्यातलं पहिलं उचललं, दुसरं कागदावर ठेवलं आणि तिसरं फक्त विक्रेत्याच्या माथी मारलं. त्याही आधी शहाजोग हुंडीचा व्यवहार होता. ती हुंडी बाजारात पत असलेल्या शहालाच वटवून मिळे. पुढे ती चोरीची किंवा बनावट निघाली, तर ज्याच्याकडून ती आली त्या माणसाला शहाने हजर करायचं, नाहीतर पैसे व्याजासह परत करायचे. म्हणजे मधला माणूस ज्याची ओळख पटवतो, त्याच्याबद्दल उत्तर देण्याचं ओझंही वाहतो. कार्ड देणारी बँक आपल्या ग्राहकाची ओळखच तर पटवत असते. मग सालभरात दहा वेळा ‘माल मिळाला नाही’ म्हणणाऱ्या ग्राहकाबद्दल तिने काहीच उत्तर का देऊ नये?

यावर एक उत्तर ठरलेलं आहे: भारतात ओटीपी आहे, त्यामुळे विक्रेता आधीच सुरक्षित आहे. अर्धं खरं आहे. ऑगस्ट २००९ पासून ऑनलाइन कार्ड-व्यवहाराला दुसरा पडताळा सक्तीचा झाला. तो झालेला असेल तर ‘मी केलंच नाही’ या तक्रारीची जबाबदारी बहुतांशी कार्डाच्या बँकेवर जाते. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकाने तर बाहेरच्या कुणी केलेला गैरवापर तीन कामकाजी दिवसांत कळवला तर ग्राहकाची जबाबदारी शून्य ठरवली, दहा कामकाजी दिवसांत तात्पुरती रक्कम जमा करायला लावली आणि ग्राहकाची चूक असेल तर ती सिद्ध करण्याचा भार बँकेवर टाकला. चोरीपुरती आपली व्यवस्था बरी आहे, ती ही. पण ओटीपी १३.१ आणि १३.३ ला हातही लावत नाही. पैसे मीच दिले, पण माल आला नाही, असं म्हणणाऱ्यापुढे ओटीपीचा काय उपयोग? आणि परदेशी कार्डांवर पहिला अर्धाही सुटतो. न्यू जर्सीच्या मराठी घरात कोल्हापुरी चप्पल पाठवणाऱ्याला तिथल्या कार्डावर असा पडताळा मिळेलच असं नाही. नसेल तर १०.४ चा फटका सरळ त्याला. व्हिसाने एप्रिल २०२३ पासून यावर एक उतारा दिला आहे. त्याच ग्राहकाचे १२० ते ३६५ दिवसांपूर्वीचे, तक्रार न झालेले दोन व्यवहार दाखवा, त्यांत आणि वादातल्या व्यवहारात किमान दोन गोष्टी जुळल्या पाहिजेत, आणि त्यातली एक आयपी पत्ता किंवा उपकरणाची ओळख असली पाहिजे. मग जबाबदारी पलटते. नियम चांगला आहे, पण कुणासाठी? दर महिन्याला वर्गणी घेणाऱ्या कंपनीसाठी. गणपतीला एकदाच मखर मागवणाऱ्या ग्राहकाचे मागचे दोन व्यवहार आणायचे कुठून?

विक्रेत्यांनाही चार गोष्टी ऐकवायला हव्यात, कारण कितीतरी चार्जबॅक ते आपल्या हाताने हरतात. कार्डाच्या स्टेटमेंटवर नाव दिसतं ते प्रोप्रायटरच्या फर्मचं, साइटवर नाव भलतंच. ग्राहकाला खरेदी ओळखूच येत नाही आणि तो ‘मी केलं नाही’ म्हणतो. गेटवेला सांगून ते नाव बदलून घेणं हे एका विनंतीचं काम आहे. परतावा दिल्यावर पैसे पोचायला पाच-सात कामकाजी दिवस लागतात, हे ग्राहकाला कुणी सांगत नाही. तो घाबरून चार्जबॅक टाकतो आणि विक्रेता एकाच ऑर्डरचे पैसे दोनदा देतो. परतावा करताच त्याचा एआरएन, म्हणजे तेवीस अंकी संदर्भ क्रमांक, ग्राहकाला पाठवला तर यातलं बरंच टळतं, आणि चार्जबॅक आलाच तर तोच क्रमांक उत्तरात लागतो. डिलिव्हरीचा पुरावा कुरिअरच्या साइटवर कायमचा राहत नाही, आणि तक्रार चौथ्या महिन्यातही येऊ शकते. म्हणून पोचल्याच्या दिवशीच तो उतरवून ऑर्डरच्या फोल्डरमध्ये ठेवायचा. ‘माल मिळाला नाही’ला उत्तर म्हणजे डिलिव्हरीचा ओटीपी, एडब्ल्यूबी क्रमांक (कुरिअरने पार्सलला दिलेला क्रमांक) आणि ऑर्डरशी जुळणारा पत्ता व पिनकोड, एका पानावर. ‘वर्णनाप्रमाणे नाही’ला उत्तर म्हणजे ऑर्डरच्या दिवशीचं साइटवरचं पान, लेबल आणि वजनकाट्यावरचा आकडा दिसेल असा पॅकिंगचा व्हिडिओ (त्यातलं चित्र कापून, कारण व्हिडिओ जोडायची सोय बहुतेक ठिकाणी नसते), आणि परत पाठवा असं सांगितल्याचा संदेश. याऐवजी लोक अटी-शर्तींची वीस पानं चिकटवतात. मराठी चॅटचे स्क्रीनशॉट तसेच पाठवतात. तपासणाऱ्याला मराठी येत नसेल तर तो पुरावा कोराच. खाली दोन ओळी इंग्रजीत लिहिल्या तर काय बिघडतं? काळ्या याद्यांचं तर बोलूच नये. दुसऱ्याचा फोन नंबर आणि पत्ता गटात टाकणं हा न्याय नाही, आणि २०२३ चा वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाल्यावर तर तो मूर्खपणाही आहे.

पण नीट कागद ठेवणाराही हरतो, हे विसरून चालणार नाही. १३.३ साठी, म्हणजे ‘वर्णनाप्रमाणे नाही’साठी, ग्राहकाने माल परत केलेला किंवा परत करायचा प्रयत्न केलेला असावा, हे व्हिसाच्या नियमातच आहे. प्रत्यक्षात तो प्रयत्न म्हणजे ग्राहकाने फॉर्मवर केलेली एक खूण असू शकते. विक्रेत्याने परतीचं लेबल पाठवलं होतं, ते वापरलं गेलं का, हे विचारायला वेळ कुणाला आहे?

यूपीआयवर चित्र थोडं वेगळं आहे आणि तिथून शिकण्यासारखंही आहे. एका ग्राहकाला ३० दिवसांत दहा आणि एकाच देणाऱ्या-घेणाऱ्यांमध्ये पाच, याहून जास्त चार्जबॅक टाकता येणार नाहीत अशी मर्यादा यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयने घातली. जुलै २०२५ पासून खऱ्या प्रकरणात बँकेने स्वतः तपासून ती मर्यादा ओलांडायची मुभाही ठेवली. म्हणजे ग्राहकही खोटं बोलू शकतो हे मान्य केलं, आणि खऱ्यासाठी दार उघडं ठेवून त्या दाराशी बँकेला उभं केलं. कार्डांच्या जगात एवढी कडक मर्यादा नाही. यूपीआयवरचा खरा घाव दुसरीकडून येतो. कुणीतरी १९३० या सरकारी मदत क्रमांकावर सायबर फसवणुकीची तक्रार करतो, ते पैसे फिरत फिरत साडीच्या बिलापोटी विक्रेत्याकडे आलेले असतात, आणि अडीच हजारांसाठी त्याचं सगळं खातं गोठतं. केरळ उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये अशा एका प्रकरणात वादातल्या रकमेपुरतंच रोखा असं सांगितलं, तेच शहाणपण सगळीकडे हवं.

मग करायचं काय? ‘मी केलं नाही’ ही तक्रार आहे तशी तातडीची राहू द्या. बाकीच्या तक्रारींत, बँकेने विचार करण्याआधी, ग्राहकाने विक्रेत्याला कळवल्याचा आणि पाच कामकाजी दिवस थांबल्याचा पुरावा मागावा. विक्रेत्याचा फोन आणि ईमेल बंद असेल, तर तोच पुरावा समजावा. माल खराब म्हणणाऱ्याकडून परत पाठवल्याचा एडब्ल्यूबी क्रमांक घ्यावा. ग्राहकाचं म्हणणं त्याच्याच शब्दांत विक्रेत्यापर्यंत पोचवावं. आणि हाताळणीची फी हरणाऱ्याने द्यावी. ग्राहक हरला तर त्याने किंवा त्याच्या बँकेने. पेमेंट अ‍ॅग्रिगेटरांच्या (विक्रेत्यांसाठी ग्राहकांचे पैसे गोळा करून देणाऱ्या कंपन्यांच्या) करारांत तक्रारी, परतावे आणि वाद कोणी कसे हाताळायचे ते स्पष्ट लिहा, असं रिझर्व्ह बँकेने मार्च २०२० मध्येच सांगितलं आहे. तिथे या चार ओळी घालायला नवा कायदा लागत नाही. बँकेच्या बाजूची अर्धी कामं मात्र नेटवर्कांच्या गळी उतरवावी लागतील.

बँका म्हणतील, एवढी चौकशी केली तर खर्च कुणी करायचा? क्रेडिट कार्डावर उत्तर सोपं आहे. विक्रेता जे कमिशन देतो त्यातला मोठा वाटा कार्डाच्या बँकेकडेच जातो. चौकशी त्यातूनच व्हायला हवी. यूपीआय आणि रुपे डेबिट कार्डावर १ जानेवारी २०२० पासून विक्रेत्याकडून कमिशनच घेता येत नाही. तिथे चौकशीसाठी पैसा नाही, ही बँकांची अडचण खरी आहे. पण म्हणून ती चौकशी टाळायची असेल, तर चुकीच्या निकालाची किंमत येवल्याच्या त्या विक्रेत्यानेच का मोजायची, याचं उत्तर आधी द्यावं लागेल.